दहापट म्हणजे कशाच्या दहापट?

एका महाविद्यालयात ऊष्मागतिकीवर व्याख्यान देऊन मी निघाले होते. दारातच दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने थांबवले. त्याच्या पिशवीत दोन गेम कन्सोल होते. एक त्याचे स्वतःचे, निन्टेन्डो स्विचची २०१९ ची आवृत्ती. दुसरे मावसभावाने दुबईहून आणलेले नवे स्विच २. तो म्हणाला, "मॅडम, बातमीत लिहिलंय की नव्याचे ग्राफिक्स दहापट शक्तिशाली आहेत. मग मोठा गेम लावला की ह्याची बॅटरी दोन तासांत का संपते? माझं जुनं साडेचार तास तरी चालतं. दहापट प्रगती झाली असेल, तर बॅटरी मागे कशी गेली?"

गेल्या काही वर्षांत संगणनाविषयी ऐकलेला इतका नेमका प्रश्न मला आठवत नाही. खेद याचा वाटतो की तो विचारणारा एकोणीस वर्षांचा मुलगा होता आणि बातमी लिहिणाऱ्याला, छापणाऱ्याला, पुढे पाठवणाऱ्याला तो सुचला नव्हता. आपल्याकडे विज्ञानवार्ता म्हणून जे वाचायला मिळते, त्यात 'दहापट' हा शब्द एककावाचून वावरतो. कशाच्या दहापट, किती वीज खर्चून, किती वेळ टिकणारे दहापट, यांपैकी काहीही त्याच्यासोबत येत नाही. भौतिकशास्त्राच्या पहिल्या तासाला एकक न लिहिणाऱ्याचे गुण आपण कापतो. राष्ट्रीय पातळीवरच्या बातमीत मात्र तीच चूक 'क्रांती' या मथळ्याखाली खपते.

माझे म्हणणे थोडक्यात असे: हातात धरून खेळायच्या कन्सोलमधील ग्राफिक्स चिपची सुधारणा ही मुख्यतः ज्यूलची आणि बाइटची गोष्ट आहे. सेकंदाला किती गणिते, हा त्यातला दुय्यम भाग. ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना चुकीची सांगत आहोत आणि तीच चूक देशाच्या संगणनधोरणावर बोलतानाही करत आहोत. म्हणून खेळण्याच्या निमित्ताने हा लांबलचक मजकूर.

आधी 'दहापट' कोठून आले ते पाहू. स्विच २ बाजारात आले ५ जून २०२५ रोजी; पहिल्या चार दिवसांत त्याची ३५ लाखांहून अधिक विक्री झाल्याचे निन्टेन्डोने जाहीर केले. त्यातील चिप एनव्हिडियाची. आधीच्या स्विचच्या तुलनेत ग्राफिक्सची कामगिरी दहापट, हे विधानही एनव्हिडियाचेच. म्हणजे ज्याने वस्तू विकली त्यानेच माप दिले. यात गैर काही नाही. विक्रेता आपला माल मोठाच करून सांगणार. गैर हे, की बातमीदाराने ते माप तराजूत न घालता जसेच्या तसे छापले.

तराजूत घालणे अवघड नाही. प्रसिद्ध झालेल्या तांत्रिक तपशिलांनुसार २०१७ च्या स्विचमध्ये २५६ गणनकेंद्रे होती आणि टीव्हीला जोडल्यावर ती ७६८ मेगाहर्ट्झवर चालत. नव्यात १,५३६ केंद्रे आहेत. टीव्हीला जोडल्यावर १,००७ मेगाहर्ट्झ. प्रत्येक केंद्र एका ठोक्यात दोन गणिते करते असे धरले, तर जुन्याची क्षमता सुमारे ०.३९ टेराफ्लॉप्स येते आणि नव्याची सुमारे ३.१. एक टेराफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते. गुणोत्तर सुमारे आठ. केंद्रांची रचनाही सुधारली आहे, चित्र वाढवून दाखवणारी खास यंत्रणा जोडली आहे. हे सगळे धरून दहाचा आकडा सांगितला असेल, तर तो खोटा ठरत नाही. पण ही कमाल मर्यादा आहे. मोटारीच्या वेगमापकावर शेवटी २२० लिहिलेले असते, म्हणून ती मोटार पुण्याहून साताऱ्याला २२० च्या वेगाने जात नाही.

आता हीच दोन यंत्रे दुसऱ्या मापाने मोजू. गणित करायचे तर आकडे स्मृतीतून, म्हणजे मेमरीतून, आणावे लागतात. जुन्या स्विचमध्ये मेमरीतून सेकंदाला २५.६ गिगाबाइट येऊ शकत. नव्यात टीव्हीला जोडल्यावर सुमारे १०२. ही वाढ चारपट. लग्नघरात आचारी आठपट वाढवले आणि कोठीघराचे दार चारपटच रुंद केले, तर पंगत आठपट वेगाने उठत नाही. निम्मे आचारी पळी हातात धरून उभे राहतात. जुन्या चिपमध्ये मेमरीतून आलेल्या प्रत्येक बाइटमागे सुमारे १५ गणिते करण्याची सोय होती. नव्या चिपला पूर्ण कामाला लावायचे तर प्रत्येक बाइटमागे ३० गणिते हवीत. ज्या खेळात, ज्या दृश्यात तेवढी गणिते नसतील, तेथे वाढ आठपटीवरून चारपटीकडे घसरते. म्हणून 'दहापट' हा त्या यंत्राचा अंगभूत गुणधर्म नाही. यंत्र आणि त्यावरचे काम, या दोहोंच्या जोडीने तो आकडा ठरतो.

हा धडा मी पुस्तकातून शिकले नाही. पीएचडीच्या दिवसांत द्रवप्रवाहाचे अनुरूपण करणारा माझा प्रोग्राम ग्राफिक्स कार्डावर चालत असे. संस्थेने नवे कार्ड घेतले. कागदावर गणनक्षमता जवळजवळ तिप्पट. मार्गदर्शकांना मी लेखी सांगितले की तीन आठवड्यांचे काम एका आठवड्यात होईल. ते झाले जेमतेम अडीच आठवड्यांत. माझा प्रोग्राम प्रत्येक बाइटमागे एक-दोन गणिते करत होता आणि बाकी वेळ मेमरीची वाट पाहत होता. नव्या कार्डाची मेमरी थोडीशीच वेगवान होती. चूक कार्डाची नव्हती, कार्डाच्या जाहिरातीचीही नव्हती. चूक माझी होती. भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालेली मी एका आकड्यावर विश्वासून मोकळी झाले होते. आज बातम्यांवर रागावण्याचा अधिकार मला असेलच, तर तो या फजितीतून मिळालेला आहे.

मेमरीची गोष्ट केवळ वेगाची नाही, ऊर्जेचीही आहे. २०१४ साली स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी ४५ नॅनोमीटर पिढीच्या चिपांसाठी एक हिशेब मांडला होता. ३२ बिटांच्या दोन अपूर्णांकांचा गुणाकार करायला सुमारे ३.७ पिकोज्यूल लागतात. तोच ३२ बिटांचा आकडा बाहेरच्या मुख्य मेमरीतून आणायला सुमारे ६४० पिकोज्यूल. गुणाकारापेक्षा वाहतूक पावणेदोनशे पट महाग! पुढच्या पिढ्यांत दोन्ही आकडे उतरले, पण वाहतूक महाग आणि गणित स्वस्त हा क्रम बदललेला नाही. तळहातावरच्या यंत्रात बॅटरी जाते ती मोठ्या प्रमाणात या ने-आणीत. म्हणून आकडे शक्यतो चिपच्या आतच, जवळच्या छोट्या मेमरीत, पुन्हापुन्हा वापरणे, हे ग्राफिक्स अभियंत्याचे खरे कसब. मथळ्यात मात्र ते कधीच दिसत नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या बॅटरीकडे येऊ. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती ही विद्युत धारकता, व्होल्टेजचा वर्ग आणि ठोक्यांची वारंवारिता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. बारावीच्या पुस्तकातल्या धारित्राचेच हे सूत्र, कोट्यवधी वेळा घडणारे. १९७४ साली आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवले, तर तेवढ्याच क्षेत्रफळात जास्त ट्रान्झिस्टर बसवूनही उष्णता वाढत नाही. जवळजवळ तीस वर्षे संगणक उद्योग या देणगीवर जगला. २००५ च्या आसपास ती संपली. व्होल्टेज आणखी उतरवले की बंद ट्रान्झिस्टरांतूनही प्रवाह झिरपू लागतो. तेव्हापासून लहान ट्रान्झिस्टर आपोआप थंड राहत नाही.

मग करायचे काय? रुंद व्हायचे आणि सावकाश चालायचे. समजा, एका गणनकेंद्राची वारंवारिता निम्मी केली आणि त्यामुळे व्होल्टेज २० टक्क्यांनी उतरवता आले. शक्ती उरली ०.५ गुणिले ०.६४, म्हणजे ०.३२. अशी दोन केंद्रे शेजारी ठेवली, की पूर्वीइतकेच काम ६४ टक्के विजेत होते. किंमत मोजावी लागते ती दुप्पट सिलिकॉनची. स्विच २ हातात घेतले की ते नेमके हेच करते: ठोके १,००७ वरून ५६१ मेगाहर्ट्झवर येतात, मेमरीचा वेग १०२ वरून ६८ गिगाबाइटवर. जाहिरातीतला मोठा आकडा भिंतीतल्या प्लगवर अवलंबून आहे. हातातले यंत्र त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिक क्षमतेवर चालते. ज्या वस्तूचे वैशिष्ट्यच हातात धरणे हे आहे, तिचा गौरव ती भिंतीला जोडलेली असतानाच्या आकड्याने करायचा, हा विनोद कोणाच्या लक्षात आला नाही.

आता विद्यार्थ्याने स्वतः करावा असा हिशेब. नव्या यंत्राची बॅटरी ५,२२० मिलिअँपिअर-तास, म्हणजे साधारण २० वॅट-तास. निन्टेन्डोने जाहीर केलेला वापरकाळ २ ते ६.५ तास. सर्वांत जड खेळात २० भागिले २, म्हणजे पडदा, आवाज, वायफाय, चिप असे सगळे मिळून १० वॅट. घरातल्या साध्या एलईडी दिव्याइतके. त्या दहा वॅटांत सुमारे १.७ टेराफ्लॉप्सची कमाल क्षमता. आता शेजारी २०१३ चे प्लेस्टेशन ४ ठेवा: कमाल क्षमता १.८४ टेराफ्लॉप्स, वीज सुमारे १४० वॅट. तो संच टीव्हीखाली पंखा फिरवत बसायचा. जवळजवळ तेवढीच क्षमता आता चौदाव्या भागाच्या विजेत तळहातावर आली आहे. गेल्या बारा वर्षांतली खरी बातमी ही आहे. 'दहापट शक्तिशाली' या मथळ्याने ती झाकली गेली.

आणि त्या मुलाचे कोडे? त्याचे जुने यंत्र २०१७ चे नव्हते, २०१९ चे होते. त्या वर्षी निन्टेन्डोने स्विचची चिप २० नॅनोमीटर पिढीतून १६ नॅनोमीटर पिढीत नेली. ग्राफिक्स तेच, बॅटरी तेवढीच. वापरकाळ मात्र २.५ ते ६.५ तासांवरून ४.५ ते ९ तासांवर गेला. प्रगतीचे सगळे फळ त्यांनी बॅटरीच्या खात्यात जमा केले. २०२५ मध्ये ते सगळे, आणि वर थोडी उधारी, चित्राच्या खात्यात गेली. प्रगती दोन्ही वेळा झाली. ती कोठे खर्च करायची याचा निर्णय वेगळा होता. मुलाला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे २०१९ ची सुधारणा खरी मोठी होती, पण तिच्यावर मी एकही बातमी वाचली नाही." वाचणार कशी? तिच्यात 'दहापट' नव्हते.

एकाच आकड्याला भुलल्याचे याहून स्वच्छ उदाहरण दुसऱ्या दोन यंत्रांचे आहे. २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेकची कमाल क्षमता १.६ टेराफ्लॉप्स. २०२३ मध्ये आलेल्या, भारतात ६९,९९० रुपयांना विकायला ठेवलेल्या आरओजी अ‍ॅलायची कागदावरची क्षमता ८.६ टेराफ्लॉप्स. पाचपटीहून अधिक! पण मेमरीचा वेग ८८ वरून सुमारे १०२ गिगाबाइट, म्हणजे जेमतेम सोळा टक्के जास्त. बॅटरी दोन्हींत सुरुवातीला ४० वॅट-तास. आणि ८.६ हा आकडा येतो तो प्रत्येक केंद्राने एका ठोक्यात दोन सूचना जोडीने उरकल्या असे धरल्यावर; प्रत्यक्ष प्रोग्रामला ती जोडी नेहमी जुळवता येत नाही. चिपला ३० वॅट दिले तर ४० वॅट-तासांची बॅटरी, केवळ चिपसाठी वापरली तरी, एक तास वीस मिनिटांत संपते. ते यंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. 'पाचपट' हा शब्द त्याच्याविषयी काहीही सांगत नाही, एवढेच म्हणते.

आणखी एक मुद्दा मला जास्त अस्वस्थ करतो. नव्या यंत्राविषयी '४के चित्र' असे लिहिले गेले. ४के चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू असतात. १०८०पी चित्रात सुमारे २१ लाख. पुष्कळदा चिप लहान चित्र काढते आणि शिकवलेले न्यूरल जाळे ते मोठे करते. एनव्हिडियाच्या या तंत्राला डीएलएसएस म्हणतात. १०८०पीवरून ४केवर जाताना पडद्यावरच्या दर चार बिंदूंतील तीन त्या क्षणी प्रत्यक्ष गणिताने आलेले नसतात. याला फसवणूक म्हणणारेही आहेत. मी त्यांच्यात नाही. हे तंत्र आधीच्या चौकटींत मोजलेले नमुने जपून वापरते आणि प्रत्येक चौकटीत नमुना घेण्याची जागा किंचित सरकवते. त्यामुळे त्यात खरी माहिती पुष्कळ असते. ऊर्जा वाचवण्याचा तो अत्यंत हुशार मार्ग आहे. पण मोजलेले आणि अनुमानिलेले यांतला फरक विज्ञानाच्या बातमीने पुसू नये. खेळात एखादे पान चुकीच्या जागी सळसळले तर कोणाचे काही जात नाही. उद्या हीच पद्धत रोगनिदानाच्या किंवा दुर्बिणीच्या प्रतिमांवर वापरली जाईल, तेव्हा 'हा ठिपका मोजला की जाळ्याने भरला?' हा प्रश्न विचारणारी पिढी आपल्याला हवी आहे. ती सवय लागण्यासाठी खेळाच्या पडद्याइतकी निरुपद्रवी जागा दुसरी नाही.

येथवर माझा रोख बातमीदारांवर होता. आता दुसऱ्या बाजूला, आमच्याच क्षेत्रातील ज्येष्ठांकडे वळते. 'गेमिंग' म्हटले की त्यांच्या कपाळावर आठी पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. तेव्हापासून तर 'गेम' हा शब्द जुगाराच्या ओळीत जाऊन बसला आहे. एका समितीपुढे मी विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेसाठी स्वस्त गेमिंग ग्राफिक्स कार्डे मागितली होती. शेरा आला: 'ही मनोरंजनाची साधने आहेत.' संस्थेचे नाव घेत नाही. तो शेरा कोणत्याही संस्थेत लिहिला गेला असता.

त्या समितीला मी नारायणगावजवळच्या खोडदला नेऊ इच्छिते. तेथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या, म्हणजे आपल्या जीएमआरटीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणारा संकेत टिपतात. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचा संकेत सतत, क्षणाक्षणाला, एकमेकांशी पडताळावा लागतो. दुर्बिणीची सुधारणा झाली, तेव्हा एका वेळी टिपायचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला आणि हे अवाढव्य काम ग्राफिक्स चिपांवर सोपवले गेले. खेळातल्या त्रिकोणांना रंग भरण्यासाठी जन्मलेले तंत्र खोडदच्या माळावर स्पंदकांचे ठोके मोजू लागले. २०२३ च्या जूनमध्ये अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वनादाचे पुरावे जगापुढे आले. त्यात युरोपीय गटाबरोबर भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरेचा वाटा होता आणि भारतीय निरीक्षणे याच दुर्बिणीची होती. 'मनोरंजनाची साधने' हा शेरा त्या माळावर उभे राहून वाचून दाखवावा, एवढीच माझी विनंती.

आणि आता देशाचा प्रश्न. इंडियाएआय मिशनला मार्च २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तरतूद १०,३७२ कोटी रुपयांची. त्याखाली ३८ हजारांहून अधिक ग्राफिक्स प्रोसेसर उपलब्ध झाल्याचे आणि ते तासाला सुमारे ६५ रुपयांच्या सवलतीच्या दराने मिळत असल्याचे सरकार सांगते. ही चांगलीच गोष्ट आहे. ज्यांनी एका कार्डासाठी सहा महिने रांग लावली आहे, त्यांना ती चांगली का, हे समजावून सांगावे लागत नाही. पण यावरच्या बातम्या पाहा: 'इतके हजार जीपीयू'. पुन्हा तेच, एककावाचून आकडा. या वर्गातील एच१०० ही एक चिप ७०० वॅटपर्यंत वीज घेते. त्या स्विच २ सारखी सत्तर यंत्रे तेवढ्या विजेत चालतील. मग प्रश्न यायला हवेत ते असे: या चिपा दिवसातून किती तास खऱ्या कामात असतात? त्यांवरचे प्रोग्राम गणित करतात की माझ्या प्रोग्रामसारखे मेमरीची वाट पाहतात? एका युनिट विजेत किती उपयुक्त काम होते? हे प्रश्न विचारणे म्हणजे टीका करणे नव्हे. पैसा आपला आहे, वीजही आपली आहे.

याच अज्ञानाची दुसरी बाजू म्हणजे हताशा. टाटा आणि तैवानची पॉवरचिप गुजरातेत धोलेरा येथे जो चिप कारखाना उभारत आहेत, त्याच्या पिढ्या २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या आहेत. लगेच समाजमाध्यमांवर उपहास सुरू झाला: जग ३ नॅनोमीटरवर आणि आपण २८ वर! एक तर हे नॅनोमीटर आता केवळ पिढीचे नाव उरले आहे. त्या मापाची कोणतीही वस्तू चिपमध्ये दाखवता येणार नाही. दुसरे म्हणजे, वर ज्याचा उल्लेख केला ते प्लेस्टेशन ४ निघाले, तेव्हा त्याची चिप २८ नॅनोमीटरची होती. पहिले स्विच २० आणि मग १६ नॅनोमीटरवर चालले आणि त्याची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. जुनी पिढी वीज जास्त खाते, तळहातावर ती आज परवडणार नाही, हे मी वरच आकड्यांनी दाखवले आहे. पण 'निरुपयोगी' हा शब्द चूक आहे. हिशेब वॅटचा करायचा असेल, तर कोणती पिढी कोणत्या कामाला पुरेल, हे शांतपणे सांगता येते. हिशेब अभिमानाचा असेल, तर हाती एक तर जयघोष राहतो, नाही तर उपहास.

दहा वॅटांचा प्रश्न आपला आहे, असे मी आग्रहाने म्हणते. अभियांत्रिकीचे आपले कितीतरी विद्यार्थी ज्या जेटसन बोर्डांवर रोबो आणि ड्रोनचे प्रकल्प करतात, ते याच घराण्यातले: जेटसन नॅनोमध्ये पहिल्या स्विचच्या पिढीची गणनकेंद्रे आहेत, जेटसन ओरिनमध्ये दुसऱ्या स्विचच्या. विजेचा भरवसा नसलेल्या आरोग्य केंद्रात क्ष-किरण चित्र तपासणारे यंत्र, शेताच्या बांधावर सौर पट्टीवर चालणारा कीडशोधक, मच्छीमाराच्या होडीतले उपकरण, या सगळ्यांना लागणारी चिप गेम कन्सोलमधल्या चिपची सख्खी बहीण आहे. दहा वॅटांत, पंख्याच्या एका फुंकरीत, चाळीस अंशांच्या उन्हात चालणारे संगणन आपल्याइतके कोणाला हवे आहे? आणि त्याची उत्तम शाळा पोरांच्या दप्तरात असताना आपण तिला एक तर 'क्रांती' म्हणतो, नाही तर 'थिल्लरपणा'.

'सामान्य वाचकाला एवढे तपशील झेपत नाहीत, त्याला एक सोपा आकडा हवा,' असा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. तो मला मान्य नाही. १९८९ मध्ये निन्टेन्डोचा गेम बॉय आला: करड्या-हिरव्या पडद्यावर चार छटा, मागून उजेड नाही. त्याच वर्षी अटारी लिंक्स आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर. दोघांचेही पडदे रंगीत आणि उजळ, ग्राफिक्स कितीतरी सरस. पण त्यांना सहा सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक विकले गेले; प्रतिस्पर्धी त्याच्या जवळपासही पोहोचले नाहीत. स्वस्त किंमत आणि चांगले खेळ यांचाही त्यात वाटा होता, हे खरे. पण गेम बॉयचे कर्ते गुनपेई योकोई यांची धारणाच अशी होती की मुरलेले, स्वस्त झालेले तंत्रज्ञान नव्या कल्पनेने वापरावे. सेल स्वतःच्या खिशातून विकत घेणाऱ्या मुलांना 'दर वॅटमागे किती खेळ' हा हिशेब न शिकवता कळला होता. वाचकाला झेपत नाही हे खरे नाही. लिहिणाऱ्याने कष्ट घेतलेले नाहीत.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, यापुढे कोणत्याही चिपची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारा. कशाच्या किती पट, आणि कोणत्या कामावर मोजून? त्यासाठी किती वॅट? प्रत्येक बाइटमागे किती गणिते? बातमीत उत्तरे नसतील, तर प्रतिक्रियेत सभ्यपणे मागा. बातमी इंग्रजी असो, हिंदी असो वा मराठी. खेळण्याची असो वा राष्ट्रीय महासंगणकाची. आणि घरी कन्सोल, लॅपटॉप किंवा साधा फोन असेल, तर आज रात्री एक प्रयोग करा. बॅटरीवरचे वॅट-तास वाचा, एक जड खेळ लावा, किती वेळ चालतो ते मोजा, भागाकार करा. मग चित्राची गुणवत्ता एक पायरी उतरवून पुन्हा मोजा. येणारे दोन आकडे खाली लिहा. यंत्राचे नाव आणि एकक यांसह. एकक नसलेला आकडा मी गृहीत धरणार नाही, माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

तो दारात भेटलेला मुलगा दुसऱ्या दिवशी निरोप पाठवून मोकळा झाला. त्याने पडद्याचा उजेड आणि चौकटींचा वेग उतरवून मोजणी केली होती. खाली एक ओळ: "मॅडम, नवं ६.१ वॅट, जुनं ३.४ वॅट. पण दोन्हीत खेळ वेगळा होता, म्हणून ही तुलना अजून बरोबर नाही. उद्या एकाच खेळावर करतो."

'ही तुलना अजून बरोबर नाही.' हे वाक्य मला एखाद्या राष्ट्रीय बातमीत एकदा तरी वाचायचे आहे.